दगा, निंबा, सुपडू आणि आमची अ वरून लिस्ट

सध्या जुनी नावं परत फॅशनमध्ये आलीयेत म्हणे. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाळण्यांत रमा, मुक्ता, जनाई, यमुना, कावेरी अशी नावं दिसायला लागलीत आणि लोक कौतुकानं विचारतात, अय्या किती गोड, पणजीचं नाव का? माझी यात तक्रार काहीच नाही, उलट कियारा-मायराच्या गर्दीत एखादी यमुना भेटली की बरंच वाटतं. पण मी धुळ्याची, माझं लहानपण दगा आबा, सुपडू नाना, झुलाल बापू, ठगूबाई, भुराबाई यांच्या ओट्यांवर गेलंय, त्यामुळे मला राहून राहून वाटतं की ही जी जुनी नावं परत येतायत ती नेमकी कुणाच्या घरातली आहेत? कारण सुपडू काही परत येत नाहीये. दगा तर नाहीच नाही.

विषय डोक्यात घुसायचं कारण घरचंच आहे. धाकट्या भावाला मुलगी झाली. तो हिंजवडीला, वहिनी नाशिकची, आणि मी आत्या, म्हणजे बारशाला नाव ठेवायचा मान माझा. मान म्हणजे काय, नाव आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त गोविंद घ्या गोपाळ घ्या झाल्यावर कानात सांगायचं आणि पाठीवर बुक्के खायचे. तरी मी ठरवलं होतं की यावेळी आपण मत मांडायचंच. बाळाचं नक्षत्र कृत्तिका, पहिलं चरण, अक्षर आलं अ. आता अ वरून म्हणजे अर्धा देश तिथंच बसलाय. घरच्या ग्रुपवर पहिल्या तासात अन्विका, अनायरा, अद्विका, अमायरा, अवीरा, आर्या (अ आणि आ चालतं म्हणे) अशी लिस्ट आली आणि खाली चुलतभावानं टाकलं, अलेक्सा ठेवा, सांगितलेलं ऐकेल तरी.

हे अक्षराचं प्रकरण मला कायम मजेशीर वाटत आलंय. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, म्हणजे एकशे आठ अक्षरं. अश्विनीला चू चे चो ला, कृत्तिकेला अ ई उ ए, असं पंचांगात सरळ छापलेलं असतं. त्यात काही बिचारी बाळं अशी फसतात की विचारू नका. आर्द्रेचं तिसरं चरण ङ. हस्ताचं तिसरं ण. उत्तराभाद्रपदाचं चौथं ञ. ङ वरून नाव सुचवणाऱ्याला मी स्वतः वांगी भाजून भरीत-पुरी खाऊ घालीन. पण झ, ठ, ड, फ ही जी अक्षरं आली की आजकालचे आईबाप रडकुंडीला येतात आणि नावाच्या साइट हात टेकतात, तिथं आमच्याकडे माल भरलेला आहे. झ म्हणाल तर झुलाल, झिपरू, झेंडू. ठ ला ठगूबाई. डो ला डोंगर. फ ला फकिरा. अर्थात ज्या घरांत ही नावं ठेवली गेली तिथं पंचांग उघडून बघायला कुणाला सवड होती म्हणा.

तर लिस्ट वाढत होती आणि मी दुसरीकडे एक उद्योग केला, गावची मतदार यादी उघडून बसले. ती पीडीएफ निवडणूक आयोगाच्या साइटवर मिळते, नाव, वय, आणि वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव. मतदानाशिवाय या यादीचा दुसरा काही उपयोग असेल असं मला वाटलं नव्हतं, पण नावांची आवड असेल तर संध्याकाळ कुठं गेली कळत नाही. ऐंशीच्या पुढं गेलात की भिका, धुडकू, पुंडलिक, शालिग्राम, आत्माराम, पर्वत, द्वारकाबाई, प्रयागबाई, तापीबाई. साठ-सत्तरला एकदम सुभाष, अशोक, प्रकाश, रमेश, बायकांत शोभा, मंगला, उषा, लता, म्हणजे मधल्या काळात रेडिओ आला, शाळा आल्या, स्वातंत्र्य आलं हे नुसत्या नावांवरून दिसतं. चाळिशीत सचिन, योगेश, संदीप, ज्योती, वैशाली. विशीत शुभम, अक्षय, गायत्री, पूजा. नंदुरबार-शहाद्याकडं सरकलं की मध्येच छगन, मगन, रतिलाल, बन्सीलाल यायला लागतात, गुजरात हाकेच्या अंतरावर आहे ते यादीतसुद्धा कळतं. आणि डाव्या रकान्यातून दगा केव्हाच गेलाय पण उजव्या रकान्यात, वडिलांच्या नावाच्या जागी, तो अजून बसलेला आहे. प्रकाश दगा. सुरेश सुपडू. आपल्याकडं बापाचं नाव मधे लावायची पद्धत असल्यामुळे जुनं नाव मेल्यानंतर अजून एक पिढी कागदावर टिकतं, प्रकाशच्या पोराच्या नावात मात्र प्रकाश येतो आणि दगा कायमचा संपतो. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावापुढं आधी आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे, ते चांगलंच झालं, पण आजीची पाळी त्यातही येत नाही.

आता त्या नावांविषयी. लोक हसतात. कॉलेजला असताना आमच्या वर्गातला एक मुलगा हजेरीत वडिलांचं नाव घेतलं की मान खाली घालायचा, कारण शहरातल्या पोरांना दगा म्हटलं की हिंदी पिक्चरचा धोकाच आठवायचा. पण ही नावं काही कुणी गंमत म्हणून ठेवलेली नाहीत. घरात आधीची पोरं जगलेली नसायची. मग नंतर झालेल्या पोराला सुपात घालायचं आणि सूप ओढायचं, तो सुपडू. उकिरड्यावर नेऊन ठेवायचं, तिथून उचलून आणायचं, की बघा बाबा हा तर टाकलेला, याच्यात नेण्यासारखं काही नाही, तो उखर्डू. तसाच कचरू. अंगावर नवं कापड नाही घालायचं, चिंध्या घालायच्या, तो चिंधा. चार घरं मागून आणल्यासारखं करायचं, तो भिका, भिकन. शेजारणीला पसाभर दाण्यांना विकायचं आणि तिच्याकडून परत घ्यायचं, म्हणजे आईबापांचं म्हणून त्याच्यावर नजर पडायला नको. मुलाचं नाक टोचायचं, पोरगी समजून सोडून देईल, तो नथू. दगडू, धोंडू तर सरळच आहे, दगडाला कोण नेतंय. आणि हे सगळं कुणाला फसवायला, तर मरणाला. देवीच्या साथी, पटकी, प्लेग, बाळंतपणं घरात, औषध म्हणजे अंगारा, त्या काळात आईच्या हातात एवढंच होतं की नाव असं ठेवावं की ते कुणाला हवंसं वाटू नये. आजची आई जगातलं सगळ्यात सुंदर नाव शोधते आणि तीही पोरावरच्या मायेपोटीच, पण मला विचाराल तर माझ्या लेखी उखर्डू हे नाव अयांशपेक्षा जास्त जीव लावून ठेवलेलं आहे.

म्हणून मग उखर्डू परत आणा असं म्हणायचंय का? नाही. मुळीच नाही. ज्या भीतीपोटी ते नाव आलं ती गेली, नावही जाऊ दे. आणि काही जुनी नावं तर गेली तेच बरं झालं, नकोशी त्यातलं. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुसा, नकोशी नावाच्या अडीचशेच्या वर मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली गेली, पेपरात फोटो आले होते. आम्ही तेव्हा साताऱ्याच्या नावानं चुकचुकलो, पण त्याच वर्षीच्या जनगणनेत आमच्या खानदेशातल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं मुली होत्या ८४२. म्हणजे आमच्याकडं नकोशी नाव ठेवायची वेळच येऊ दिली जात नव्हती. ज्या मुली जन्मल्या त्यांची नावं मात्र परी, एंजल, लाडो, सगळी कौतुकाची. असो, हा वेगळा आणि चिडचिड करणारा विषय आहे.

बाहेरच्या देशात म्हणे जुन्या नावांचं हे येणंजाणं व्यवस्थित मोजतात. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं खातं दरवर्षी जाहीर करतं की कोणतं नाव किती बाळांना ठेवलं, थिओडोर, हेझल, एव्हलिन अशी पणजी-पणजोबांची नावं तिथं परत वर आलीयेत ते त्यावरूनच कळतं. त्यांची ती नावांची आकडेवारी १८८० पासूनची आहे. हे वाचलं आणि मला एकदम आसोदा आठवलं, कारण त्याच १८८० साली जळगावजवळ आसोद्याला महाजनांच्या घरी बहिणाबाई जन्मल्या. आकडेवारी राहू द्या, आपण त्या एकाच घराची यादी बघू. वडील उखाजी, आई भिमाई. भाऊ घमा, गना आणि घना. बहिणी अहिल्या, सीता, तुळसा. लग्न झालं जळगावच्या चौधऱ्यांकडे, नवरा नथुजी, सासरे खंडेराव. मुलं ओंकार, सोपान आणि काशी.

आता ही नावं आजच्या आईबापांसमोर ठेवा. ओंकार लगेच उचलला जाईल, सव्वाशे वर्षांचं नाव आहे पण आज बालवाडीत ओंकार म्हटलं तर कुणी मागं वळून बघणार नाही इतकं ते चालतंय. अहिल्या परत आलंच आहे, तुळसाचं तुळशी करून घेतील, काशीसुद्धा एखादी धीट आई ठेवेल. सोपान नाही. घमा, घना नाही, उखाजी तर सोडाच. एकाच घरातली, एकाच काळातली नावं, मग निम्मी गोड व्हिंटेज आणि निम्मी गावंढळ हे ठरवलं कुणी? मला तरी असं दिसतं की जे नाव पोथीत, पुराणात, इतिहासाच्या पुस्तकात सापडतं ते जुनं झालं की अँटिक होतं, आणि जे फक्त शेतात, ओट्यावर, हाकेत सापडतं ते जुनं झालं की अडाणी होतं. आणि बहिणाबाईंचं स्वतःचं काय? २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, इथल्या प्रत्येक पोराच्या डिग्रीवर बहिणाबाई छापलेलं असतं, भाषणात दोन ओळी त्यांच्या म्हटल्याशिवाय इथं कुणाचा सत्कार होत नाही. पण एवढ्या वर्षांत बहिणा नावाची एक तान्ही मुलगी मी पाहिलेली नाही. मी ग्रुपवर टाकायच्या विचारात होते, पण अक्षर अ, सुटले.

जातीचाही भाग यात आहे, तो न बोलता पुढं जाण्यात अर्थ नाही. पुण्यातल्या एखाद्या आर्किटेक्ट जोडप्यानं मुलाचं नाव निंबा ठेवलं तर लोक म्हणतील वा, किती मातीतलं, किती वेगळं, मुलाखत घेतील. तेच नाव घेऊन साक्रीकडचा पोरगा त्याच पुण्यात हॉस्टेलला गेला तर पहिल्या आठवड्यात त्याचं लिंबू सरबत होतं. मग तो पोरगा दहावीनंतर गॅझेटमध्ये नाव बदलतो, निंबाचा नितीन, दगाचा दीपक, भिकनचा भूषण, पहिलं अक्षर तेवढं ठेवतो. मी त्याला दोष देणार नाही, हौस ज्याला परवडते त्यानं करावी. फक्त नाव वेगळं आहे म्हणून कुणाचं कौतुक होतंय आणि कुणाची टिंगल, एवढं बघत जावं.

सातपुड्यात तर अजून वेगळी गोष्ट आहे. तिकडं धडगाव, अक्कलकुवा भागात भिल्ल, पावरा घरांत पोर ज्या वाराला झालं त्या वारावरून नाव, सोमा, मंगा, बुध्या, शुक्र्या. दिवाळीत झाला तर दिवाल्या. किती सरळ, किती हिशेबी, अर्थ गुगल करायला नको. पण शाळेत घालायला गेलं की गुरुजी हे नाव लिहून घेत नसत, हे काय नाव आहे का म्हणून स्वतःच्या मनानं राजेश, सुनील लिहायचे आणि जन्मतारीख टाकून द्यायचे १ जून. तारखेचं हे फक्त डोंगरातलं नाही बरं का, आमच्याकडचे निम्मे काका-मामा १ जूनलाच जन्मलेले आहेत, त्या दिवशी ग्रुपवर केकचे फोटो टाकून टाकून बोट दुखतं. म्हणजे घरचं नाव एक, शाळेचं एक, आणि पुढं आयुष्यभर कागदावर जो राजेश म्हणून फिरला त्याला त्याची माय मरेपर्यंत बुध्याच म्हणत राहिली.

दोन नावांवरून आठवलं, आमच्या आजीचीही दोन होती. रेशनकार्डावर, सातबारावर ती सुमनबाई. मला कॉलेजला जाईपर्यंत तेच तिचं नाव वाटत होतं. मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिचा म्हातारा भाऊ घरी आला आणि त्यानं दारातूनच हाक मारली, ‘तापे, वं तापे!’, आणि आजी ज्या वेगानं उठली तशी उठताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिचं माहेर तापीकाठचं, नाव तापी. पण लग्न होऊन आली तर मोठ्या जावेचं नाव आधीच तापी, एका घरात दोन तापी कशा चालायच्या, म्हणून ताटातल्या तांदळात अंगठीनं सुमन लिहिलं आणि झालं. नवरीला कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यामुळे जुन्या बायकांची नावं आपण आज जी शोधतो ना, यादीतली आणि कागदावरची, ती निम्मी तर त्यांची नव्हतीच, खरं नाव माहेरी राहिलं आणि माहेरची माणसं गेली तसं तेही गेलं.

आणि आजोबांचं नाव निंबा. आजी अर्थातच नवऱ्याचं नाव घेत नसे, पण ते तेवढ्यावर थांबत नव्हतं. अहिराणीत लिंबाच्या झाडाला निंब म्हणतात, म्हणजे तेही नाव आलंच, म्हणून आमच्या अंगणातल्या एवढ्या मोठ्या झाडाला ती जन्मभर ‘ते कडू झाड’ म्हणायची. पाडव्याला आम्हाला पाठवायची, जा रे, त्या कडूचा पाला आणा. गल्लीत दुसरा एक निंबा होता तिच्या नातवाच्या वयाचा, त्याला हाक मारायची ‘नाववाला’. आम्ही तिला मुद्दाम विचारायचो, आजी हे कसलं झाड, आणि ती चप्पल शोधायची.

आता माझं मत, मागितलं नाही तरी. नव्या नावांत मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो अंश लावलेल्या नावांचा. अयांश, रेयांश, कियांश, रिधांश, युवांश. अर्थ विचारला की प्रत्येकाचा देवाचा अंश. कोणत्या देवाचा ते साइटवर लिहिलेलं नसतं. एका वर्गात असे सहा असतील तर बाईंनी हाक मारायची कशी, अंश म्हटलं तर अर्धा वर्ग उभा राहणार आणि छेद म्हटलं तर उरलेला. मुलींत तेच, आयरा मायरा शनाया अनायरा, सगळ्या एकाच कारखान्यातून निघाल्यासारख्या. वेगळं हवं म्हणून ठेवायचं आणि वेगळं हवं असणाऱ्या सगळ्यांनी तेच ठेवायचं. माझी परीक्षा एकच असते, संध्याकाळी पोर खेळायला गेलंय, अंधार पडलाय, आईनं गल्लीच्या टोकाला उभं राहून हाक मारली तर ते नाव पोचतं का. सुपडूऽऽऽ पोचतं. डोंगऱ्याऽऽ तर पार नाल्यापर्यंत जातं. युवांश ओठातच विरघळतं. शिवाय आमच्याकडं कुठलंही नाव आठवड्याभरात या लावून खाली उतरवतातच, विहानचा विह्या आणि आरवचा आऱ्या, तेव्हा नाव ठेवताना हे उतरवलेलं रूप आपल्याला सहन होणार आहे का तेही बघून घ्यावं.

आणि जुन्यातली काही नावं मला खरंच परत हवीयेत, भीतीची नाहीत, आनंदाची. कौतिक घ्या. काय नाव आहे! मुलगा झाला, कौतुक वाटलं, नाव कौतिक. मुलगी झाली तर कौतिकबाई, त्यात भेद नाही. डोंगर आणि पर्वत घ्या. सागर चालतो, आकाश चालतो, मग डोंगरनं काय घोडं मारलंय, सातपुडा समोर दिसत असताना? राणू घ्या, श्रावणात कानबाई बसते तिच्या जोडीची राणूबाई, घरोघर रोट होतात, गाणी होतात, पण पाळण्यात राणू नाही. मुक्ता परत आलं, छानच, मुक्ताईनगर आमचंच, मेहूण-कोथळीला मुक्ताबाईंचं स्थान आमच्याच तापीकाठी, पण पुण्याच्या मुक्ताला ते ठाऊक असतं का कोण जाणे. तिथंच पलीकडं तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे, चौदाशे वर्षं जगले म्हणतात, याच्याइतकं व्हिंटेज नाव शोधून सापडायचं नाही, आणि आमच्या लहानपणी गल्लीत चांगदेव, चांगो सर्रास होते.

पण माझा खरा ऐवज नद्या आहेत. लोक अन्विरा आणि झियाना असं काहीतरी जुळवत बसतात आणि इकडं नवापूरला रंगावली वाहते. नुसतं म्हणून बघा, रंगावली. शहाद्याला गोमाई. चोपडा-शिरपूरकडं अनेर, जे मुलाला ठेवा नाहीतर मुलीला, एकदम आजचं वाटतं, तीन अक्षरं, परदेशातही जमेल. धुळ्याची पांझरा जरा अवघड आहे, मान्य, आणि शिंदखेड्याकडच्या बुराई नदीचं नाव मी कुणाला सुचवणार नाही, तेवढी अक्कल आहे मला. गिरणा म्हटलं की लोकांना पिठाची गिरणी आठवेल. पण शिरपूरच्या नदीचं नाव आहे अरुणावती. पाच अक्षरांत सकाळ आहे सगळी. आणि अ वरून आहे!

मी ते ग्रुपवर टाकलं. सोबत अनेर आणि अहिल्या पण टाकलं, पण जीव अरुणावतीवर. दोन तास कुणी काही बोललं नाही. मग भावानं अंगठा टाकला, जो त्याचा नाही असतो. वहिनीनं खूप सभ्यपणे लिहिलं की ताई नाव सुंदर आहे पण फॉर्ममध्ये रकाने पुरतील का, पाच अक्षरं, मग माझं, मग यांचं, मग आडनाव. मी लिहिलं की तुझ्या पणजीच्या काळात कृष्णाबाई-गोदावरीबाई मावत होत्याच ना. तिनं हसणारा चेहरा पाठवला. मग चुलतभाऊ म्हणाला अरुणावती म्हणजे जुन्या सिरियलमधली सासू वाटते. आईचं म्हणणं अहिल्या ठेवा, अहिल्यादेवींचं नाव आहे, कुणाची बोलायची टाप नाही. माझ्या मते अहिल्याही उत्तमच, फक्त त्याची आता लाट आलीये आणि लाटेतलं नाव नको म्हणून तर हे सगळं चाललं होतं.

बारसं झालं, पाळण्यावर फुगे लावून अद्विका असं ठेवलंय. नाव माझ्याच तोंडून गेलं, बुक्के माझ्याच पाठीत बसले. पण जन्मदाखल्यावर अजून नाव भरलेलं नाही, वर्षभर फी न भरता नाव घालता येतं आणि त्यापुढं पंधरा वर्षांपर्यंत फी भरून, हे मी भावाला दोनदा सांगून ठेवलंय. वहिनीला हल्ली दुसरीच शंका आलीये, त्यांच्या सोसायटीत अजून दोन अद्विका निघाल्या. परवा तिनं मला वेगळा मेसेज केला, ताई ते अनेर म्हणजे नक्की कुठली नदी, फोटो आहे का? मी पावसाळ्यातला, धरण भरलेलं असतानाचा फोटो पाठवलाय. उन्हाळ्यातला नाही पाठवला.

मोठी काकू या सगळ्यात एकदाच बोलली, व्हॉइस मेसेजवर, मागं कुकरची शिट्टी: ‘तुम्हले जे नाव ठेवनं ते ठेवा, मी ते तिले बबीच म्हनसू.’